कार्लाइलच्या मुलांची दप्तरे : एका डिजिटल अभिलेखागाराचे परीक्षण

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचे आयुष्य एका आडव्या ओळीत मावते. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचे कारण एवढे लिहून कारकून पुढच्या ओळीकडे वळतो. त्या ओळीतला मुलगा पुढे कोठे गेला, कसा जगला, त्याला म्हातारपण लाभले की नाही, हे सांगणे रजिस्टरचे कामच नसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, कार्लाइल या गावी असलेल्या डिकिन्सन कॉलेजच्या अभिलेखागाराने ‘कार्लाइल इंडियन स्कूल डिजिटल रिसोर्स सेंटर’ या नावाने एक सेवा उभारली आहे आणि तिने नेमके हेच काम हाती घेतले आहे. एका जुन्या निवासी शाळेच्या हजारो माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला तिने स्वतंत्र जागा दिली असून ती जागा जगातल्या कोणत्याही वाचकासाठी विनामूल्य उघडी ठेवली आहे. गेले काही महिने मी हा संग्रह रोज थोडा थोडा वाचत आलो आहे आणि तो कसा वाचावा, त्यातून काय हाती लागते व काय लागत नाही, हे मराठी वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

आधी शाळेविषयी. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये कार्लाइलच्या रिकाम्या लष्करी बराकींमध्ये मूलनिवासी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘इंडियन’, मुलांसाठी ही शाळा काढली. मुलांना त्यांच्या जमातीपासून, भाषेपासून आणि घरापासून दूर आणून गोऱ्या समाजासारखे घडवायचे, हा तिचा उघड हेतू होता. माणसातला ‘इंडियन’ मारून टाकावा आणि माणूस तेवढा वाचवावा, अशा अर्थाचे प्रॅटचे १८९२ मधील विधान कुप्रसिद्ध आहे. १९१८ मध्ये शाळा बंद पडेपर्यंत १४० हून अधिक जमातींतील सुमारे ७,८०० मुले-मुली येथे आणली गेली, आणि त्यांपैकी पूर्ण शिक्षणक्रम संपवून पदविका घेणाऱ्यांची संख्या आठशेच्याही आत राहिली. शाहू महाराजांच्या आणि कर्मवीरांच्या वसतिगृहांमुळे ‘बोर्डिंग’ हा शब्द ज्यांना आधाराचा वाटतो, त्या आपल्यासारख्यांना या शाळेचा इतिहास वाचताना तो शब्द मनातून थोडा बाजूला ठेवावा लागतो. पुढे अमेरिकेने आणि शेजारच्या कॅनडाने अशा असंख्य शाळा चालवल्या. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या मे २०२२ च्या अहवालाने १८१९ ते १९६९ या काळातील ४०८ सरकारी शाळा मोजल्या. मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या आरक्षित प्रदेशांपासून दूर काढलेली पहिली मोठी सरकारी शाळा म्हणून कार्लाइल त्या सर्वांचा नमुना ठरली.

डिकिन्सनचे काम २०१३ मध्ये सुरू झाले. शाळा बंद झाल्यावर तिची कागदपत्रे सरकारी दप्तरात गेली होती आणि विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक फाइली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात होत्या. ज्या कुटुंबांची मुले त्या फाइलींत आहेत, त्यांची घरे तेथून हजारो किलोमीटरांवर, दक्षिण डकोटात, ॲरिझोनात, अलास्कात होती. आपल्या पणजीचे शाळेतले कागद पाहण्यासाठी एवढा प्रवास करून वाचनकक्षात बसणे बहुतेकांना कधीच शक्य झाले नसते. या फाइलींच्या पानापानाच्या प्रतिमा करून त्या घरबसल्या पाहता याव्यात, उतरवून घेता याव्यात, ही या सेवेची पहिली आणि सर्वांत मोठी कमाई आहे. फाइलींखेरीज शाळेची मासिके-साप्ताहिके, छायाचित्रे, खातेवह्या, दफनभूमीसंबंधीचे कागद आणि शिक्षकांसाठी पाठांची सामग्रीही येथे आहे. नावावरून, जमातीवरून आणि कागदाच्या प्रकारावरून शोध घेता येतो.

संग्रहाची मांडणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटली, आणि त्याचे कारण एकच आहे. येथे माणूस हे एकक धरले आहे. संस्थेचा इतिहास लिहिणारे बहुधा इमारती, प्राचार्य, सरकारी आदेश आणि वार्षिक अहवाल यांच्या क्रमाने चालतात, आणि त्या क्रमात विद्यार्थी फक्त पटसंख्या म्हणून येतो. येथे वाचक एखाद्या मुलीच्या नावापाशी पोहोचतो, तिचे कार्ड पाहतो, मग तिच्या वडिलांनी लिहवून घेतलेले पत्र, मग शाळेच्या वर्तमानपत्रातली तिच्याविषयीची दोन ओळींची बातमी, आणि मिळालेच तर तिचे छायाचित्र. कोणतीही फाइल पूर्ण नसते, काहींत तर एकच कार्ड असते, पण ज्याच्या वाट्याला एकच कार्ड आले, त्यालाही नावानिशी स्वतंत्र स्थान आहे.

हे विद्यार्थी-कार्ड वाचकाने सावकाश पाहावे. इंग्रजी नाव, मूळ नाव, जमात, आईवडील हयात आहेत की नाहीत, वय, उंची, वजन, आणि श्वास भरून व श्वास सोडून घेतलेले छातीचे माप असे त्यावर रकाने आहेत. ‘रक्त’ या शीर्षकाचाही एक रकाना आहे आणि त्यात मूलनिवासी रक्ताचा वाटा, म्हणजे ‘पूर्ण’ किंवा एक अपूर्णांक, लिहिलेला असतो. त्यानंतर दाखल झाल्याचा दिनांक, शिकलेला धंदा, ‘आउटिंग’वर कोणाकडे किती दिवस पाठवले त्याच्या नोंदी, निघाल्याचा दिनांक आणि निघण्याचे कारण. ‘आउटिंग’ हा शब्द सहलीचा वाटतो, परंतु त्याचा अर्थ वेगळा होता. मुलांना गोऱ्या कुटुंबांत राहायला पाठवले जाई, मुलगे शेतीवर राबत आणि मुली घरकाम करत. काही मुलांचा कार्लाइलमधला बराचसा काळ अशा परक्या घरांतच गेलेला कार्डाच्या मागील बाजूवरून कळतो. कार्ड भरणाऱ्याला मुलाच्या छातीचे माप हवे होते, घरी त्याला कोणती गोष्ट झोपताना सांगितली जाई ते नको होते. तरीही त्या मापांमुळे मला तो मुलगा अधिक जवळचा वाटला, कारण फूटपट्टी आणि फीत ज्याच्या अंगाला लावली गेली, तो खरोखर तेथे उभा होता.

नावांचा प्रश्न मात्र फार बिकट आहे, आणि या सेवेचा उपयोग करू इच्छिणाऱ्याने तो आधीच समजून घेतलेला बरा. पहिली तुकडी ६ ऑक्टोबर १८७९ च्या मध्यरात्री कार्लाइलला उतरली. रोझबड आणि पाइन रिज या आरक्षित प्रदेशांतील ती लाकोटा जमातीची मुले होती. त्यांच्यातला एक मुलगा पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने लेखक झाला आणि त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की फळ्यावर काही खुणा काढलेल्या होत्या, एकेका मुलाला पुढे बोलावून हातात छडी देण्यात आली आणि त्यांपैकी एकीवर टेकवायला सांगण्यात आले. त्या खुणा म्हणजे गोऱ्यांची नावे आहेत, हे मुलांना कळायलाही वेळ लागला. ज्या नावावर छडी टेकली ते नाव फितीवर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवले गेले. घरी त्याचे नाव ओटा क्टे होते, म्हणजे ‘पुष्कळ मारणारा’. आपण पूर्वेकडे शौर्याने मरायला निघालो आहोत, अशी समजूत करून तो घरून निघाला होता. अशा रीतीने दिलेले नाव, वडिलांच्या नावाचे इंग्रजी भाषांतर, ऐकून लिहिलेले मूळ नाव आणि पुढे विवाहानंतरचे नाव, यांपैकी कोणत्या नावाने फाइल सापडेल हे सांगता येत नाही. त्यामुळे एका नावाने काही मिळाले नाही म्हणून थांबू नये. जमातीच्या यादीतून जावे, दाखल झाल्याचे वर्ष पाहावे, आणि एकाच आवाजाची चार-पाच स्पेलिंगे वापरून पाहावीत. हा त्रास मूळ नोंदीतच रुतलेला आहे. ज्या शाळेने मुलांची नावे बदलली, तिच्याच कागदांवरून त्यांना शोधावे लागते, याला कोणत्याही अभिलेखापालाचा इलाज नाही.

माझ्या दृष्टीने या संपूर्ण संग्रहातील सर्वांत मोलाचे कागद म्हणजे माजी विद्यार्थ्यांना पाठवलेल्या प्रश्नावल्या. शाळेच्या उत्तरकाळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून, घरी परतलेल्या विद्यार्थ्यांना छापील फॉर्म पाठवले जात. तुमचा विवाह झाला आहे काय व कोणाशी, सध्याचा पत्ता काय, काय काम करता, घर कसे आहे, जमीन-गुरे किती, अशा प्रश्नांनंतर शेवटी तुमच्या आयुष्यासंबंधी आणखी सांगण्यासारखे काही असल्यास लिहा, अशी विनंती असे. शाळेला आपल्या यशाचे पुरावे हवे होते, हे उघड आहे. उत्तरे देणाऱ्यांनाही ते ठाऊक होते आणि काहींनी शाळेला आवडेल अशाच भाषेत लिहिले. पण शेवटच्या त्या मोकळ्या जागेत माणूस स्वतःच्या हाताने लिहू लागतो तेव्हा ठरावीक साच्याबाहेरचे काही ना काही उमटतेच. कोणी मुलांविषयी लिहितो, कोणी पिकाविषयी, कोणी जुन्या सोबत्याचा पत्ता विचारतो. अक्षर कोणाचे घोटीव, कोणाचे थरथरते. छापील प्रश्नाच्या ओळीपेक्षा उत्तर लांब झाले की ते समासात चढते, पानाच्या कडेने वर जाते. टंकलिखित उतारा वाचून हे कळत नाही. त्यासाठी मूळ पानाची प्रतिमाच समोर असावी लागते, आणि ती येथे आहे, हा मी या सेवेचा मोठा गुण मानतो. ज्यांना इंग्रजी हस्ताक्षर वाचायची सवय नाही त्यांना पहिले काही दिवस जड जातील. एकाच व्यक्तीची दोन-तीन पत्रे सलग वाचली की अक्षर ओळखीचे होते.

प्रसिद्ध विद्यार्थ्यांपासून सुरुवात करण्याचा मोह बहुतेकांना होईल. जिम थॉर्प हे नाव क्रीडाप्रेमींना परिचित आहे. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा मुलगा १९०४ मध्ये कार्लाइलला आला, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदके जिंकली, हौशीपणाच्या, म्हणजे पैसे न घेता खेळण्याच्या, नियमावर बोट ठेवून १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली, आणि त्याला एकमेव विजेता म्हणून पुन्हा मान्यता मिळायला २०२२ उजाडावे लागले. थॉर्पचे निधन तर १९५३ मध्येच झाले होते. परंतु त्याच स्टॉकहोममध्ये १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणारा लुईस तेवानिमा हा कार्लाइलचाच विद्यार्थी होता, आणि मला त्याची कथा अधिक विचार करायला लावणारी वाटते. तो होपी जमातीचा. ओराइबी या गावात सरकारी धोरणावरून दुफळी माजल्यानंतर विरोधी गटातील काही तरुणांना सक्तीने पूर्वेकडे पाठवले गेले, त्यांच्यात तोही होता, आणि १९०७ मध्ये तो कार्लाइलला पोहोचला. म्हणजे जवळपास कैदी म्हणून आलेल्या माणसाने पाच वर्षांनी त्याच देशासाठी पदक आणले. १०,००० मीटरच्या शर्यतीत अमेरिकन धावपटूंमध्ये त्याच्या बरोबरीचा थेट १९६४ मध्ये निघाला. तो बिली मिल्स, ओग्लाला लाकोटा आणि हॅस्केल या दुसऱ्या इंडियन निवासी शाळेचा विद्यार्थी. तेवानिमा मात्र १९१२ नंतर आपल्या गावी परतला, मेंढरे राखली, शेती केली, होपींच्या धार्मिक विधींत रमला आणि १९६९ मध्ये एका विधीहून रात्री घरी परतताना कड्यावरून पडून गेला. ही सत्तावन्न वर्षे त्याच्या आयुष्याचा मुख्य भाग होती. शाळेच्या दप्तरात शोधाल तर पाच वर्षेच सापडतील.

येथे या सेवेची सीमा दिसते आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शाळेचे कुतूहल जेथे संपते तेथे फाइल संपते. त्यामुळे केवळ या संग्रहावरून एखाद्या माजी विद्यार्थ्याचे चरित्र लिहायला कोणी बसला, तर तो नकळत शाळेच्याच नजरेने लिहील. जनगणनेच्या नोंदी, जमातींची स्वतःची अभिलेखागारे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुटुंबांत सांगितल्या गेलेल्या आठवणी, यांच्या शेजारी ठेवूनच ही फाइल वाचली पाहिजे. अशा अनेक शाळांचे कागद एकत्र आणणारे राष्ट्रीय स्वरूपाचे एक डिजिटल अभिलेखागार मूलनिवासींच्याच संस्थेने मे २०२४ मध्ये खुले केले आहे. कार्लाइलच्या संग्रहाला त्याची जोड मिळणे ही अतिशय इष्ट गोष्ट आहे.

छायाचित्रांविषयी थोडे सावध राहावे. जॉन चोट या स्थानिक छायाचित्रकाराने काढलेली ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडचित्रे शाळा प्रचारासाठी वापरत असे. दिने, म्हणजे नवाहो, जमातीच्या टॉम टॉर्लिनोची जोडी त्यांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे. १८८२ च्या चित्रात लांब केस, दागिने आणि अंगावर घोंगडी आहे, तर १८८५ च्या चित्रात आखूड केस, कोट आणि उजळ दिसणारा चेहरा आहे. तो उजळपणा प्रकाशयोजनेतून साधला गेला असावा, असे अभ्यासक म्हणतात. पाठ्यपुस्तकांतून ही दोन चित्रे वारंवार छापली गेल्यामुळे टॉम हा माणूस न राहता एक दाखला होऊन बसला. या संग्रहात त्याच्या नावाखाली केवळ ती दोन चित्रे नाहीत, त्याची विद्यार्थी-फाइलही आहे. एवढ्यानेही तो दाखल्यातून पुन्हा माणसात येतो. मी तरी वाचकांना सुचवीन की चित्र पाहण्याआधी कागद वाचावेत.

दफनभूमीचा विभाग उघडण्यापूर्वी मनाची तयारी असावी. शाळेत क्षय आणि अन्य आजारांनी मुले दगावली, आणि आजारी मुलांपैकी अनेकांना घरी परत पाठवले गेल्यामुळे शाळेच्या आवारातील थडग्यांवरून मृत्यूंचा पुरता अंदाज येतच नाही. तरीही तेथे १८० हून अधिक थडगी होती. १९२७ मध्ये लष्कराने दफनभूमी मूळ जागेवरून हलवली, तेव्हा नोंदींची गफलत झाली आणि काही शिळांवर नावाऐवजी ‘अज्ञात’ एवढेच उरले. या गफलतीचा अर्थ २०१७ मध्ये नॉर्दर्न अरापाहो जमातीच्या कुटुंबांना कळला. १८८१ मध्ये शाळेत आणलेल्या लिटल चीफ, हॉर्स आणि लिटल प्लूम या तीन मुलांना परत नेण्यासाठी ते आले होते. शाळेने त्यांना डिकेन्स नॉर, होरेस वॉशिंग्टन आणि हेज व्हँडरबिल्ट फ्रायडे अशी नावे दिली होती. पहिल्या दोघांचे अवशेष मिळाले, पण नऊ वर्षांच्या लिटल प्लूमच्या शिळेखाली भलत्याच दोघांच्या अस्थी निघाल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या थडग्यात त्याचा शोध लागला आणि तो घरी गेला. अभिलेखागारातल्या एका चुकीच्या ओळीमुळे कोणाला काय सोसावे लागते, हे याहून ठळकपणे दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. म्हणून या विभागात प्रत्येक मुलाच्या मृत्यूसंबंधीचे विखुरलेले कागद, म्हणजे कार्ड, शाळेच्या वृत्तपत्रातील उल्लेख आणि पत्रव्यवहार, एकाच ठिकाणी जुळवून ठेवले आहेत, याला मी पांडित्यापेक्षा सेवेचे काम म्हणेन. हे कागद आता कुटुंबांच्या हाती आहेत, आणि लष्कराकडे मूल परत मागताना त्यांची गरज पडते.

हा संग्रह कोणासाठी आहे, असे विचारले तर पहिले उत्तर अर्थातच त्या मुलांच्या वंशजांसाठी. त्यानंतर इतिहासाचे शिक्षक आणि विद्यार्थी, आणि मग आपल्या एखाद्या जुन्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंद करण्याचा विचार करणारे सगळे. या तिसऱ्या गटाला मी विशेष आग्रहाने सांगेन की स्मरणिकेत मान्यवरांची छायाचित्रे लावण्याआधी ज्यांच्याविषयी रजिस्टरमध्ये एकच ओळ आहे, त्यांची यादी करावी. तसेच जिवंत वंशजांना दुखावतील असे आजारपणाचे, शिक्षेचे आणि घरच्या परिस्थितीचे तपशील या कागदांत आहेत. त्यांतील एखादे पान पुढे कोणाला दाखवताना वा छापताना ते कोणाच्या तरी आजोबांचे आहे, याचे भान ठेवावे.

ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांनी अर्नेस्ट नॉक्स ऑफ याचे नाव शोधावे. काही कागदांत तोच अर्नेस्ट व्हाइट थंडर म्हणून येतो, कारण त्याचे वडील व्हाइट थंडर हे रोझबडच्या लाकोटांच्या प्रमुखांपैकी एक होते. तो पहिल्या तुकडीत आला होता. जून १८८० मध्ये स्पॉटेड टेल या लाकोटांच्याच दुसऱ्या प्रमुखाने कार्लाइलला येऊन शाळा पाहिली, संतापून आपली मुले परत नेली, पण अर्नेस्ट मागे राहिला. त्या हिवाळ्यात तो आजारी पडला, त्याने अन्न आणि औषध नाकारले, अशी शाळेच्या बाजूची नोंद आहे, आणि डिसेंबर १८८० मध्ये तो वारला. मृत मुलांच्या कार्डांवर ‘निघण्याचे कारण’ या रकान्यात ‘मृत्यू’ असे लिहिण्याची पद्धत होती. २०१५ मध्ये रोझबडचे काही तरुण वॉशिंग्टनहून परतताना त्या दफनभूमीपाशी थांबले आणि या मुलांना आपण घरी का नेत नाही, असे त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांना विचारले. सहा वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर आणि खेपांनंतर रोझबडची नऊ मुले परत मिळाली, अर्नेस्ट त्यांच्यातला एक. रजिस्टरच्या हिशेबाने त्याने डिसेंबर १८८० मध्ये शाळा सोडली. कार्लाइलमधून तो निघाला जुलै २०२१ मध्ये.